संध्याकाळच्या शाळेचा फोन

मित्रांनो, मी संध्याकाळच्या शाळेतला एक जुना फोन आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच कीव करायला बसू नका. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेलाय, मागचं झाकण चिकटपट्टीनं धरून ठेवलंय, आणि चार्जरची वायर वाकडी करून दाबली तरच दोन घास माझ्या पोटात जातात. हे सगळं खरं. पण कान माझे अजून ठणठणीत आहेत. आजकालच्या फोनांना म्हणे पाठीवरसुद्धा तीन-तीन डोळे असतात. असू देत. ऐकायची अक्कल नसेल तर ते डोळे काय जाळायचे आहेत?

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. डोक्याला टोपी आणि हातात पातळ मोजे घातलेल्या बायका ओळीनं बसायच्या. कुणी माझी काच बसवली, कुणी स्क्रू आवळले. शेवटच्या टेबलावरच्या बाईनं मला कानाशी धरलं, काहीतरी बोलली, पलीकडून उत्तर आल्यावर मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. आपलं काम काय ते मला तिथेच कळलं. पुढे बऱ्याच शिकलेल्या माणसांना ते कळलं नाही, त्याचीच ही कथा आहे.

शाळेत मी आलो तो वरून हुकूम आला म्हणून. प्रत्येक शाळेनं विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवावा, असा तो हुकूम होता. शाळेनं मला घेतलं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. का, तर फोन बिघडेल! नव्या नवरीला कुणी दागिन्यांसकट ट्रंकेत बंद करून ठेवावं, तशी माझी गत झाली. तो हुकूम कागदावर पाळला गेला, आणि मी अंधारात पडून राहिलो.

मला बाहेर काढलं ते बाईंनी. या बाई संध्याकाळच्या वर्गाला गणित आणि भाषा शिकवायच्या. संध्याकाळचा वर्ग म्हणजे दिवसभर कामाला जुंपलेल्या माणसांचा वर्ग. त्यात बेकरीत भट्टीसमोर उभा राहणारा दादा होता, कार्यालयाच्या दारावर बसणारे वॉचमन काका होते, शिवणकाम करणारी ताई होती. आणि लाँड्रीत काम करणारी एक पोरगी होती. तिच्या हातून चादर अशी निघायची की कोपऱ्यावर कोपरा, काठावर काठ. म्हणून सगळे तिला 'घडी'च म्हणत. तिला आईबाप नव्हते, मामीनं वाढवलं होतं. लाँड्रीही मामीचीच.

या वर्गातली माणसं रोज येऊ शकत नसत. कुणाची पाळी बदलायची, कुणाचा मालक सोडायचा नाही. चार दिवस वर्ग बुडाला की माणूस लाजेनं पाचव्या दिवशीही येत नाही, आणि मग कायमचाच जातो. बाईंनी हे बरीच वर्षं पाहिलं होतं. म्हणून त्यांनी माझ्यावर वर्गाचा एक ग्रुप काढला आणि त्याचे नियम त्यांनीच ठरवले.

नियम असा, की हजेरी बोलून द्यायची. नुसतं 'हजर' म्हटलेलं चालणार नाही. आज आपल्या हातांनी काय काम केलं, ते एका वाक्यात बोलून पाठवायचं. वर्गात आलात तरी, नाही आलात तरी. आणि ज्याचा आवाज आला नाही, त्याची चौकशी हजेरीपटावर त्याच्या आधी ज्याचा नंबर असेल त्यानं करायची. बाईंचं म्हणणं साधं होतं. लिहायला सांगितलं तर ही माणसं शुद्धलेखनाला घाबरून गप्प बसतील. बोलायला काही कुणाला शिकावं लागत नाही.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू तुम्हाला! दिवेलागणीला माझ्यात आवाज उतरायला लागायचे. भट्टीचं लोखंडी दार धाडकन आपटायचं आणि दादा म्हणायचा, आज तीनशे पाव उलटले आणि एक हात भाजला. शिवणवाल्या ताईच्या मागे मशीन खडखडत असायचं. वॉचमन काकांचं वाक्य कधी एक नसायचंच, ते साहेबांच्या गाडीपासून सुरू व्हायचे आणि स्वतःच्या गुडघ्यावर येऊन थांबायचे. घडीच्या मागे वाफेचा फुस्स आवाज यायचा. ती हळू बोलायची, पण रोज बोलायची.

तिच्यामागे आणखी एक आवाज यायचा, तो मामीचा. कारण फोन मामीचा होता. कमरेच्या पिशवीत असायचा आणि घडीला तो मिळायचा फक्त या हजेरीपुरता. मामी म्हणजे बाई कडक. शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही, पण धंदा एकहाती उभा केलेला. घडीला शाळेत घालताना तिनं अट घातली होती : दहावीच्या परीक्षेला एकदा बसायचं, पास झालीस तर पुढे हवं ते शीक, मी आडवी येणार नाही, नाही झालीस तर इस्त्री धरायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही. मामी एकदा बोलली की बोलली.

पण गंमत अशी, की बाई संध्याकाळचा धडा बोलून पाठवायच्या तेव्हा मामी तो मोठ्यानं लावून कपड्यांना इस्त्री करायची. एकदा घडीची हजेरी चालली असताना मागून मामीचा आवाज आला, "बाईंना म्हणावं, ते व्याजाचं गणित पुन्हा एकदा सांगा. मधेच गिऱ्हाईक आलं होतं माझं."

त्यावर वर्गात जो हशा पिकला! बेकरीवाला दादा म्हणाला, "घडे, तू राहशील मागे आणि मामी पास होईल बघ." मामीनं ते ऐकलं आणि उत्तर पाठवलं, की तुझे पाव आधी नीट भाज, मग माझा निकाल बघ. बाईंनी त्या दिवशी व्याजाचं गणित खरंच पुन्हा सांगितलं. चादरींच्या धुलाईच्या उधारीचं उदाहरण घेऊन सांगितलं.

असा माझा मान होता. कुणी आजारी पडलं की कळायचं, कुणाची नोकरी गेली की कळायचं. वर्गातली गळती थांबली. मी काही केलं नाही, मी फक्त मधे उभा होतो. पण फुशारकी मारायची झाली तर मारतो, माझ्याशिवाय ते झालं नसतं.

मग शाळेला नवे मोठे सर आले. कपड्यांना परीटघडी आणि बोलणं छापल्यासारखं. ते आले आणि काही दिवसांतच वरून तपासणीला पाहुणे आले. मी तेव्हा ऑफिसच्या टेबलावर होतो. पाहुण्यांना वाटलं, बघू तरी हा ग्रुप काय आहे. त्यांनी हात लावला तो नेमका वॉचमन काकांच्या हजेरीवर. काकांचा आवाज खोलीभर घुमला. आज शाळेच्या नळाला पाणी नव्हतं म्हणून मी चौकातून बादल्या वाहिल्या, आणि बायकांच्या मोरीची कडीही अजून तुटकीच आहे, असं त्यांनी हजेरीत सांगितलं होतं.

पाहुणे हसले. मोठे सर हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. नळ दुरुस्त करायचा सोडून त्यांनी माझ्या तोंडाला बूच मारायचं ठरवलं. ग्रुप म्हणजे चकाट्या पिटायची जागा नव्हे, म्हणाले. यापुढे ग्रुपवर फक्त शाळा लिहील. विद्यार्थी वाचतील, आणि वाचलं याची खूण म्हणून खाली अंगठा टाकतील. जो अंगठा टाकणार नाही त्याची गैरहजेरी. सूचना शुद्ध आणि लेखी असतील. बाईंचं नाव ॲडमिनमधून गेलं, आणि मी कारकुनाच्या टेबलाच्या खणात गेलो.

बाई भांडल्या. माझ्यासमोरच भांडल्या. त्या म्हणाल्या, अहो, ही माणसं बोलतात म्हणून येतात. सरांनी कारकुनाला सांगून पडद्यावरची यादी त्यांच्यापुढे धरायला लावली. "हे बघा बाई, आजची सूचना सगळ्यांनी वाचलीय. याहून जास्त संपर्क तुम्हाला कसला हवाय?"

बाई ती यादी बघून वर्गावर निघून गेल्या. यादी खरीच होती.

पूर्वी ज्यांना लिहिता येत नसे ती माणसं कागदावर अंगठा उठवायची. आता ज्यांना मी बोलतं केलं होतं, तीही अंगठ्यावर आली. आधी आधी लोक वाचून अंगठा टाकायचे. मग सूचनाच इतक्या यायला लागल्या, की वाचायला वेळ कुणाला? गणवेश, शिस्त, स्वच्छता, थोरांचे विचार, सरांचे सत्कार. टुण्ण वाजलं की अंगठा. दादा पीठ मळता मळता अंगठा टाकायचा. काका तर डुलक्या काढताना टाकायचे, मला वेळेवरून कळायचं. आणि याच अंगठ्यांच्या जोरावर आमच्या शाळेला एक ढाल मिळाली. आदर्श संपर्काची! मला हातात धरून सरांनी फोटो काढून घेतला आणि तो फोटो जिन्यात लावला. फोटोत मी आहे, पण बंद आहे. चार्ज करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

आता घडीचं काय झालं ते ऐका.

बोलायची हजेरी बंद झाली तसं मामीनं फोन तिच्या हातात देणं बंद केलं. मामीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बोलायचंच नाही, तर फोन कशाला हवा, असा तिचा सरळ हिशोब. त्यात लाँड्रीला एका मोठ्या हॉटेलच्या चादरी मिळाल्या आणि घडीचं वर्गात येणं आठवड्यातून एखाद्या दिवसावर आलं. पण पोरगी जिद्दीची. इस्त्रीच्या टेबलापुढच्या भिंतीला पुस्तकाची पानं चिमट्यानं अडकवून पाठ करायची. परीक्षेच्या आधी ती वर्गात आली तेव्हा बाईंनी तिची सगळी उजळणी घेतली आणि सांगितलं, परीक्षा इथेच, आपल्याच शाळेत आहे. डोकं शांत ठेव, तू पास होणार.

आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळेच्या हॉलमधल्या वायरी जळाल्या. परीक्षा नदीपलीकडच्या दुसऱ्या शाळेत हलवली. कारकुनानं मला खणातून काढलं आणि सरांनी सांगितलेली सूचना टाइप केली. 'तांत्रिक कारणास्तव परीक्षा केंद्रात बदल करण्यात आला असून' अशी तिची सुरुवात होती. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या खुणा आल्या. मामीच्या नंबरावरूनही आली. बाईंनी जाताना विचारलं, सगळ्यांना कळलंय ना? कारकून म्हणाला, सगळ्यांनी वाचलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत मी आणि कारकून दोघेच. जिन्यावर पावलं वाजली. दारात घडी उभी होती. केस घट्ट बांधलेले, ड्रेसला अशी कडक इस्त्री की बोट कापलं असतं. हातात पेन आणि हॉल तिकीट. तिनं विचारलं, आपला हॉल कुठला? खाली कुणीच दिसत नाही.

कारकुनानं कपाळाला हात लावला. तो काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, अगं, परीक्षा पुलापलीकडे आहे, काल कळवलं ना सगळ्यांना. घडी म्हणाली, मला नाही कळलं. त्यावर त्यानं काय करावं? खण उघडला, मला बाहेर काढलं, ती यादी उघडली आणि पडदा तिच्या तोंडासमोर धरला. "हे बघ. तुझं नाव आहे. अंगठासुद्धा टाकलायस."

साक्षीला त्यानं मला उभं केलं, मित्रांनो. ज्या पोरीचा आवाज मी रोज जपून पोचवला, तिच्याच विरुद्ध. मी खोटं काहीच दाखवत नव्हतो. नाव होतं. अंगठा होता. घडीनं ते पाहिलं, एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे. "नाव माझंय," ती म्हणाली, "पण मी नव्हते हो ती." आणि जिना उतरून धावत सुटली.

पुढचं मला दुपारी कळलं. ती पुलापर्यंत पळाली, तिथून रिक्षा केली, पण घंटा होऊन गेटला कुलूप लागलं होतं. तिथल्या शिपायानं नियम सांगितला. तिनं बाईंचं नाव सांगितलं. बाई आतच होत्या, पर्यवेक्षणाला. पण त्यांचा फोन बाहेरच्या पेटीत जमा होता, आणि वर जाऊन सांगायला शिपाई तयार झाला नाही. बाई आत फेऱ्या घालत होत्या आणि घडीच्या बाकावर कोरी उत्तरपत्रिका पडलेली बघत होत्या. पेपर संपवून त्या शाळेत आल्या, कारकुनाकडून सगळं ऐकलं, आणि मला उचलून पर्समध्ये टाकलं. सरांना विचारलंसुद्धा नाही.

लाँड्री एका अरुंद गल्लीच्या टोकाला होती. दारातच गठ्ठ्यांची भिंत, आत वाफ, ओल्या सुताचा वास. घडी टेबलाशी उभी होती. भिंतीवरची पानं काढून टाकलेली, चिमटे तेवढे राहिलेले. तिनं बाईंना पाहिलं, मान खाली घातली आणि इस्त्री पुढे ढकलली. अंगावर तोच सकाळचा ड्रेस, त्याची पार चुरगळ झालेली.

मामी पुढे आली. बाईंनी नमस्कार केला आणि सरळ विचारलं, कालचा मेसेज तुम्ही उघडला होता का?

"उघडला की," मामी म्हणाली. "तो आकडा लाल होऊन बसतो ना, डोळ्यात खुपतो. उघडते, अंगठा दाबते, गेला की बरं वाटतं. हिनंच शिकवलं होतं, नाही दाबलं तर गैरहजेरी लागते म्हणून."

"पण त्यात काय लिहिलं होतं ते..."

"मला वाचता येतं कुठे, बाई?" मामीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुम्ही बोलत होता तोवर मला सगळं कळत होतं. मीच हिला हाक मारायचे, अगं ये, बाई काय सांगतायत बघ. तुम्ही बोलायच्या थांबलात. मग रोज नुसती ती अक्षरं. मला वाटलं, आता काही कामाचं येत नसेल."

मला सांगा, बाई तरी काय करणार? सरांच्या तोंडाला कुणी बूच मारणार होतं का?

बाई म्हणाल्या, सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा असते, बसवू तिला. मामीनं नकार दिला नाही. ती घडीकडे बघत राहिली. अट मोडायची तिची तयारी होती, हे मला तिच्या गप्प बसण्यावरून कळलं; असं गप्प बसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. पण घडीच म्हणाली, नको. पुन्हा त्या ऑफिसात जाऊन कुणाला तोंड दाखवू? सगळ्यांना वाटतंय, वाचूनसुद्धा आली नाही.

तेव्हा बाईंनी मला पर्समधून काढलं. ॲडमिन मीच होतो आणि मी त्यांच्या हातात होतो. त्यांनी ग्रुपचं कुलूप काढलं आणि मला घडीसमोर धरलं. म्हणाल्या, तूच सांग सगळ्यांना काय झालं ते. अगं, वर्ग आहे तो तुझा, नुसती यादी नाही.

घडीनं इस्त्री उभी केली. तोंड माझ्याजवळ आणलं आणि बोलली. "मी घडी. मला निरोप कळला नव्हता. मी आपल्या शाळेत गेले, मग पुलापलीकडे पळत गेले. गेट बंद होतं. मी परीक्षा चुकवली नाही, मला कुणी सांगितलंच नाही. आता मी शाळेत येणार नाही."

मी तो आवाज जसाच्या तसा पोचवला. वाफेच्या आवाजासकट.

लगेच पहिला अंगठा आला. बेकरीवाल्या दादाचा. मग शिवणवाल्या ताईचा. मग वॉचमन काकांचा. एकामागून एक अंगठेच अंगठे. कुणी ऐकलं आणि कुणी नुसतंच उघडलं, हेही मला कळतं, मित्रांनो. मेसेज ऐकला की त्याची वेगळी खूण माझ्याकडे येते. ती एकाचीही आली नव्हती. टुण्ण वाजलं, सवयीनं बोट पडलं. पेपर संपल्याच्या आनंदात होती सगळी. बाईंना ते अंगठे दिसत होते. घडीलाही दिसत होते. तिला वाटलं, मी येणार नाही म्हटलं त्याला ही सगळ्यांची संमती आहे. तिनं पुढची चादर ओढून घेतली.

तेवढ्यात मामीच्या कमरेला टुण्ण झालं. मामीनं पिशवीतून फोन काढला, लाल आकडा पाहिला आणि दाबला. घडीचा आवाज दुसऱ्यांदा खोलीत आला, या वेळी मामीच्या हातातून. मामीनं तो शेवटपर्यंत ऐकला. ऐकल्याची एकच खूण माझ्याकडे आली, ती मामीची. तिनं अंगठा दाबला नाही. फोन उलटा करून गठ्ठ्यावर ठेवला आणि चादरीचं दुसरं टोक धरायला घडीसमोर जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सरांनी ग्रुपला पुन्हा कुलूप घातलं आणि बाईंना लेखी जाब विचारला. दादानं आणि काकांनी तो मेसेज ऐकला, पण चार दिवसांनी. ते लाँड्रीवर गेले, तोवर घडीनं पुस्तकं रद्दीत देऊन टाकली होती. ती आजही तिथेच आहे. हात अजून तसाच सफाईदार आहे, पण आवाज मला पुन्हा ऐकू आला नाही. मी खणात पडून आहे. ढाल जिन्यात आहे, रोज पुसतात.

मित्रांनो, माझी काच बदलू नका, मला नवं झाकणही नको. एवढंच करा. तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर कुणाचा आवाज आला, तर आधी तो पूर्ण ऐका, बोट नंतर उचला. कोण बरेच दिवस बोललं नाही ते आठवा आणि त्याच्या घरी फोन लावा. फोन घरात दुसरंच कुणी उचलत असेल, तर त्यालाही समजेल असं बोला. आणि महत्त्वाचा निरोप असेल तर यादीतल्या खुणांवर अजिबात विसंबू नका. पायांत चपला घाला, त्याच्या दारात जा, आणि तो स्वतःच्या तोंडानं 'कळलं' म्हणेपर्यंत तिथून हलू नका.